करड्या टिंबाचा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
संगणक बाधा निवारण कक्ष,
तळमजला, जिन्यामागील खिडकी.

विषय : तात्पुरती सोय बंद होण्यापूर्वी एक दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : १) 'आपले यंत्र बाधित आहे' ही आपली नोटीस. २) अर्जदाराचा मुदतवाढीचा अर्ज व त्यास आपला नकार.

महोदय,

१. अर्जदार कुलूप-किल्लीचा धंदा करतो. नोटिशीतला 'बाधित' शब्द ऐकून त्याच्या पत्नीने यंत्रावर फडके टाकले व त्या खोलीत कोणी जेवू नये असे बजावले. पुढे आपल्या तंत्रज्ञांनी उलगडा केला. आपण नाव टंकतो, यंत्र त्या नावाचा पत्ता दुसऱ्या यंत्राला विचारते, आणि चोरांनी ही विचारणा स्वतःकडे वळवली होती. म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. बँकेचे नाव टंकले की केस वाढवण्याच्या तेलाचे दुकान का उघडे, हे अर्जदारास तेव्हा कळले. त्यास टक्कल आहे, ते बँकेलाही कळले असावे असे समजून त्याने तक्रार केली नव्हती.

२. शासनाने चोर पकडले व त्यांच्या जागी स्वतःची यंत्रे बसवली, म्हणून बाधित घरांचे काम अडले नाही. याबद्दल अर्जदार ऋणी आहे. ही सोय महिनाअखेर बंद होणार असून, तत्पूर्वी यंत्र पुसून कोरे करून घ्यावे, असा आपला आदेश आहे.

३. अर्जदाराची कन्या घर सोडून गेली आहे. कारण आपल्या कक्षाच्या अखत्यारीत येत नाही. जाण्यापूर्वी तिने आईला यंत्रावर गप्पांचे खाते उघडून दिले. त्यात एकच नाव आहे, तिचे. ती कोठे असते ठाऊक नाही. निरोपाला उत्तर देत नाही. मात्र ती तिकडे कामाला बसली की नावाशेजारचे टिंब हिरवे होते, उठली की करडे. पत्नी सकाळी ते बघते, "बसली गं बाई," म्हणते आणि मग चहाचे आधण ठेवते. तोवर घरात चहा होत नाही.

४. खात्याचा संकेतशब्द फक्त त्या यंत्राच्या ध्यानात आहे. यंत्र कोरे केले की तोही गेला. आपले तंत्रज्ञ म्हणाले, "काका, आठवून बघा ना, बहुतेक घरातल्याच कुणाचं तरी नाव असतं." अर्जदाराने लोकांची कुलपे जन्मभर उघडली, घरचे एक उघडेना. शेजाऱ्यांच्या यंत्रावर बसून तिच्या आईचे नाव घालून पाहिले, मेलेल्या मांजराचे पाहिले. स्वतःचे घातले नाही. ते नसणार, हे त्यास ठाऊक आहे.

५. 'तात्पुरती सोय कायम करता येत नाही' असे आपण कळवले. मान्य आहे. फक्त नोंद असावी, की चोरांनी बँक पळवली, टपाल पळवले, पण त्या टिंबाला हात लावला नाही.

६. कोरे केले तर कन्येचे नावच पुसले जाईल, म्हणून यंत्र कोरे करायचे नाही असे अर्जदाराने ठरवले आहे. तेव्हा सोय बंद होताच टिंब करडे होईल व करडेच राहील. तार तुटली काय आणि माणूस गेले काय, रंग एकच. तंत्रज्ञांनी पत्नीस हे समजावले. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "ते खरं हो, पण पोरीला काही झालं नाही कशावरून?" अर्जदाराच्या शब्दावर तिचा विश्वास राहिलेला नाही. सरकारी शिक्क्यावर आहे.

७. सबब पुढील मजकुराचा दाखला शिक्क्यासह मिळावा : 'सदर टिंब शासकीय कार्यवाहीमुळे करडे झाले आहे. कन्या जेथे आहे तेथे सुखरूप कामाला बसलेली आहे.' दुसरे वाक्य आपल्या अधिकारात बसणार नाही, याची जाणीव आहे. तसे असल्यास तेवढी ओळ कोरी सोडून खाली शिक्का मारावा. पत्नीस बारीक अक्षर दिसत नाही. अर्जदार वाचून दाखवताना ती ओळ भरील.

आपल्या शिक्क्याची वाट पाहणारा,
अर्जदार
(कुलूप-किल्लीवाला)

दिनांक : २३

सोबत : १) नोटिशीची प्रत. २) टिंबाचे छायाचित्र, हिरवे असतानाचे.