सही करू नको, दादा

सोलापूर
दि. ९ फेब्रुवारी २०२५

ती. ईश्वरदादा यास,
बुद्धप्रियाचा सप्रेम जयभीम. वि. वि. आमी हितं बरे हाओत. तू, वैनी, पोरं बरी असाल असं धरून लिहिते.

पत्र बघून घाबरू नको, कुनी गेलं-बिलं न्हाय. घरात मोबाईल एकच, तो ह्यांच्यासंगं गाडीत. घरी आला की सासूबाई कान देऊन बसत्यात. म्हनून कागद घेतला. सातवीनंतर आज पेन धरला, अक्षराला हसू नको. वैनीला हसू दे, तिला तशीबी सवय हाय.

यशोला खालचे दोन दात आले. माझं बोट चावती. वजन कमी भरलं म्हनून अंगनवाडीच्या केराबाई रागावल्या. त्याच केराबाईंच्या पत्त्यावर तू उत्तर धाड. घरी धाडू नको.

आता कामाचं. ह्यांची भाडं मारायची गाडी कंपनीची हाय, तीन वर्सांच्या लीजवर, ते तुला ठावं हायच. माझ्या लग्नात तू भांडी दिली न्हाईस, त्या लीजला जामीन म्हनून सही दिलीस. सगळे म्हनले व्हते, भांडी पोचे येऊन जात्यात, गाडी मानसाला उभं करती. मागच्या काचेवर ह्यांनी मोठ्या अक्षरात मामाची कृपा असं लिहून घेतलंय, तूच फोटो काडला व्हतास.

ते लीज ३१ मार्चला संपतंय. गाडी परत करायची, न्हायतर उरलेली रक्कम भरून नावावर करून घ्यायची, न्हायतर नवी गाडी नव्या लीजवर घ्यायची. ह्यांना नावावर करायची हाय. उरलेली रक्कम हप्त्यानं भरायला परत तुझी सही लागती. ती मागायला हे तुझ्याकडं येतील.

दादा, सही करू नको. का ते इचारू नको, आनि मी सांगितलं असंबी सांगू नको.

पोरांना गोड पापा. बहिनीवरची माया पातळ करू नको.
तुझी,
प्रिया


वेळापूर
दि. १६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. बुद्धप्रिया हिस,
ईश्वरदादाचा आशीर्वाद आनि जयभीम. वि. वि. तुझं पत्र कारखान्यातनं आल्यावर मिळालं. तुझी वैनी हसली न्हाय. दोनदा वाचून घेतलं आनि भाजी करपवली.

अक्षर तुझं शाळेतच मुंगीच्या पायासारकं व्हतं, अजून तसंच हाय. पन लिहिलंस ते मुंगीएवढं न्हाय. का ते इचारू नको म्हनतीस. मग मी काय समजायचं? सुमितराव दारू पितेत का? हात उगारतेत का? दुसरीकडं कुटं जानं-येनं हाय का? तीन वर्सांत त्या मानसानं एक हप्ता चुकवला न्हाय, कंपनीचा एक फोन मला आला न्हाय. परवाच त्यांचा फोन झाला. गाडी नावावर झाली की पयल्यांदा तुमालाच फिरवतो म्हनले. मी व्हय म्हनून बसलोय.

नवरा-बायकोत कुरबुर व्हती. तुझ्या वैनीनं मला दोनदा घराबाहेर झोपवलंय, म्हनून मी तिची शिलाई मशीन विकली न्हाय. भांडनापायी मानसाचं पोट काडून घ्यायचं न्हाय, प्रिया. खरं कारन लिही. ते पटलं तर मी हात आवरतो.

यशोला माझ्याकडून चिमटा.
तुझा थोरला भाऊ,
ईश्वर


सोलापूर
दि. २३ फेब्रुवारी २०२५

ती. दादास जयभीम. वि. वि. पत्र मिळालं. केराबाईंनी पोषन आहाराच्या पाकिटात घालून दिलं, म्हनून घरात कुनाला कळलं न्हाय.

दारू न्हाय, मार न्हाय, बाई न्हाय. लई चांगला मानूस हाय. तेच तर अवघड हाय.

दिवाळीनंतर एकदा हे जेवत व्हते. घास तोंडापाशी नेला आनि हात तितंच थांबला. डोळे उगडे, पन बघनं न्हाय. ओठाच्या कोपऱ्यातनं लाळ. मी हाक मारली, खांदा हलवला. जरा वेळानं घास तोंडात गेला आनि अर्धं राहिलेलं बोलनं तितनंच पुढं चालू झालं. मला म्हनले, अशी का बघतीस? त्यांना काय म्हंजे काय ठावं न्हाय.

मग तसं लई वेळा झालं. आंगोळीला बसल्यावर, चप्पल घालताना. मी सासूबाईंना दाखवलं. त्यांना आधीच ठावं व्हतं. ल्हानपनी झटके येत व्हते म्हने, मधी बंद झालते. लग्नाआधी आपल्याला सांगितलं न्हाय.

डिसेंबरात यशोचा डोस देऊन गाडीतनं येत व्हतो. अक्कलकोट रोडच्या मावशीला भेटून. मी पुढं बसलेली, यशो मांडीवर. पुढं वळन आलं आनि गाडी वळंना. सरळ चाललेली. ह्यांचे हात स्टेरिंगच्या चाकावर, डोळे पुढं, आनि मानूस कुटं न्हाय. समोर उसाची ट्रॉली उभी. मी एका हातानं पोरगी धरली, एका हातानं चाक वडलं. गाडी खड्ड्यात उतरली. यशोचं डोकं दरवाज्याला लागलं, टेंगूळ आलं. शुद्धीवर आल्यावर हे माझ्यावरच ओरडले, चालत्या गाडीत चाकाला हात लावतीस म्हनून. अजून त्यांना वाटतं की गाडी मी खड्ड्यात घातली.

मोठ्या दवाखान्यात मी जबरीनं नेलं. डॉक्टर म्हनले फिटचाच प्रकार हाय, गोळी रोज घ्यायची आनि चाकावर बसायचंच न्हाय, ते सांगतील तवर. गोळ्या घेऊन बाहेर आल्यावर ह्यांनी डॉक्टरची चिठ्ठी फाडली. गोळी पंधरा दिवस घेतली. झोप येती म्हनून सोडली.

घरी आल्यावर सासूबाईंनी माझा हात यशोच्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली. हे दुखनं कुनाफुडं तोंडातनं काडलं तर पोरगी लाभनार न्हाय. तोंडातनं काडनार न्हाय अशी घेतली, दादा. लिहिनार न्हाय अशी न्हाय घेतली. म्हनून फोन केला न्हाय.

रोज सकाळी गाडी गेली की मी दारात बसते. गल्लीत कुनी घाईनं येताना दिसलं की यशोला उचलून उभी ऱ्हाते. आता सांग, सही करतोस का?

तुझ्या सावलीतली,
प्रिया


वेळापूर
दि. ४ मार्च २०२५

चि. प्रियास आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र वाचून मी कारखान्याच्या काट्यावर दोन ट्रका तशाच बिनवजनाच्या सोडल्या. साहेबानं झापलं.

शपथ-बिपथ आपल्यात न्हाय. आपन ते सगळं सोडून आलेली मानसं. आपल्या बापानं उंबऱ्यावर लिंबू ठेवू दिला न्हाय, तू पोरीच्या डोक्याला भितीस? कशाला काय व्हत न्हाय. हे कान धरून वाच.

रविवारी सुमितराव आले. येताना पोरांना चिक्की, वैनीला बांगड्या. पेपर घेऊन आले व्हते, पेनसुद्धा. मी खोटं बोललो. कारखान्यानं पगाराची चिठ्ठी जामिनाला द्यायची बंद केली म्हनालो. त्यांचं तोंड उतरलं. पेन खिशात घालताना टोपन लागंना. मग हळूच म्हनालो, गेटवर एक जागा निघनार हाय, बसून काम हाय. हसले आनि म्हनले, मेव्हन्याच्या हाताखाली कुत्रंबी ऱ्हात न्हाय. तरी जाताना वैनीच्या पाया पडले.

ते गाडीत बसले. थांबा म्हनायला पायजे व्हतं. चावी काडून घ्यायला पायजे व्हती. मी नुसता हात केला. तवापासनं मला झोप न्हाय. घरी नीट पोचले का, एवढं लगेच कळव.

दादा


सोलापूर
दि. १० मार्च २०२५

ती. दादास जयभीम. वि. वि. नीट पोचले. टेंभुर्नीला चहा पिले, एवढंच बोलले. तुझं खोटं त्यांना खरं वाटलं. तुझ्यावर राग न्हाय, कारखान्यावर हाय.

पन दादा, तू बंद केलेली वाट दुसरीकडनं उगडली. कंपनीत सिद्धलिंगप्पा म्हनून साहेब हायेत. त्यांनी सांगितलं, बाईच्या नावावर लीज घेतलं तर जामीन लागत न्हाय. जुनी गाडी परत करा, सात मानसांची नवी न्या. गाडी बायकोच्या नावानं, चालवायची नवऱ्यानं. हे नाचत घरी आले. मला म्हनले, आता तू मालकीन, मी तुझा डायवर.

आता सही माझी लागती.

पुढचं नीट वाच. नवी गाडी शाळेला लावायचं ठरवलंय. सकाळी पंधरा पोरं न्यायची, दुपारी आनायची. सात मानसांच्या गाडीत पंधरा पोरं. गल्लीतल्या चौघींनी नावंबी दिली. काल ईरम्मा तिच्या दोन पोरींना घेऊन आली, पेढा दिला आनि म्हनली, ह्यांच्या हाती असल्या तर मला घोर न्हाय. तो पेढा मी पदरात बांधून ठेवला.

एकांतात ह्यांचे पाय धरले. मी म्हनले, गोळी घ्या, सहा म्हयने दुसरं कायबी करा, मी चार घरची धुनी-भांडी करते. ते म्हनले, मला काय झालंय? खरंच इचारत व्हते, दादा. ज्याला झालंय त्यालाच दिसत न्हाय. सासूबाई म्हनल्या, सही करायची नसंल तर पिशवी भर आनि पोरगी हितं ठेव.

सही केली तर ती पंधरा पोरं. न्हाय केली तर यशो. मी काय करू?

प्रिया


वेळापूर
दि. १६ मार्च २०२५

प्रिया, आशीर्वाद.
सही करू नको. पोरगी कुनी ठेवून घेत न्हाय, तिला दूध तुझं लागतं. तू बोलू नको, मी येऊन बोलतो. ३० तारखेला मला सुट्टी हाय, सकाळच्या एसटीनं येतो. पिशवी भरून ठेव. वैनीनं मागची खोली सारवून घेतली. तवर काय ना काय सांगून दिवस ढकल. आधार कार्ड सापडत न्हाय म्हन.

दादा


सोलापूर
दि. २८ मार्च २०२५

ती. दादास जयभीम. वि. वि. तू ३० ला येनार व्हतास. कंपनीनं २६ लाच बोलावलं. नव्या गाड्या चारच आल्या व्हत्या, म्हने उशीर केला तर दुसऱ्याला जातील. आधार कार्ड मी पिठाच्या डब्यात घातलं व्हतं. सासूबाईंनी भाकरीला पीठ काडताना काडलं.

हापिसात पयलं जुनी गाडी तपासली. गाडीवर कायबी लिहायचं न्हाय असं त्यांच्या कागदात हाय, म्हनून काच साफ करून मागितली. हे आत पेपर बघत बसले. ब्लेड माझ्या हातात दिलं. मी यशोला कडेवर घेऊन मामाची कृपा खरडली. तुझी अक्षरं लई घट्ट बसलेली, दादा. मामा निघाला, कृपा निघंना. उन्हात अर्धा तास लागला. पलीकडं नवी गाडी हार घालून उभी.

मग आत बोलावलं. सिद्धलिंगप्पा साहेबांनी बोट ठेवून दाखवलं, हितं, हितं आनि हितं. हे माझ्याकडं बघून हसत व्हते, लग्नात हसले व्हते तसं. पेन हातात धरला. सासूबाई मागं उभ्या. माझ्या डोळ्यांफुडं ईरम्माच्या ल्हान पोरीची रिबीन आली, लाल.

मी यशोच्या डोक्यावर हात ठेवला आनि तोंडातनं काडलं. साहेब, ह्यांना फिट येती, चाकावर असताना येती, डॉक्टरनं बंद सांगितलंय.

 साहेबांनी माझ्या हातातनं पेन काडून घेतला, टोपन लावलं आनि फाईल मिटली. ह्यांना म्हनले, आता तुमाला कुटलीच गाडी आमी देऊ शकत न्हाय. ह्यांनी जुन्या गाडीची चावी टेबलावर ठेवली. नीट, आवाज न करता. घरापातुर सगळे चालत आलो. तीन वर्सांत हे एवढं चालले नसतील.

मला घराबाहेर काडलं न्हाय. काडलं असतं तर बरं व्हतं. हे भिंतीकडं तोंड करून जेवत्यात. गल्लीत कळलंय. ईरम्मा बोलत न्हाय, पोरींना रिक्षा बगायला लागली म्हनून. काल जेवताना परत तसंच झालं, हात थांबला. मी आता मोजते. चाळीसपातुर मोजलं आनि हे आले. आल्यावर माझे ओठ हलताना बघितले. पयल्यांदा इचारलं, किती? मी म्हनले चाळीस. मग घास तोंडात घातला.  आज सकाळी गोळीची चिठ्ठी कुटंय म्हनून डबे धुंडाळत व्हते. ती त्यांनीच फाडलीय, ते ध्यानात न्हाय.

दादा, यशोला परवापासनं ताप हाय. त्या दिवशी उन्हात अर्धा तास व्हती, म्हनून आला असंल. केराबाईंनी औषद दिलं, उतरतोय आनि चडतोय.  सासूबाई पोरीच्या कपाळावर हात ठेवत्यात आनि माझ्याकडं बगत्यात.

आपन मानत न्हाय, मला ठावं हाय. पन माझ्या मांडीवरचं डोकं गरम हाय.

तू ३० ला येतोयसच. न्यायला येऊ नको, ह्यांना डॉक्टरकडं न्यायला ये, माझ्या एकटीच्यानं व्हत न्हाय. हे पत्र एसटीच्या कंडक्टरकडं देते, तुला उद्या मिळंल. येताना एवढं कर. ते परत एकदा लिहून आन, शपथ-बिपथ काय नसतं, कशाला काय व्हत न्हाय. तोंडानं सांगू नको. कागदावर लिही, तुझ्या अक्षरात, मोठं मोठं. मला उशाला ठेवायचंय.

वैनीला सांग, खोली सारवली तशी राहू दे.

तुझी,
प्रिया