यूरीची आई

प्रिय आई,

परवा तू फोन ठेवलास तेव्हा माझं वाक्य अर्धंच राहिलं होतं. पुन्हा फोन केला असता तर तू पुन्हा मध्येच बोलली असतीस आणि मी नेहमीसारखी ‘बरं, आई’ म्हणून गप्प बसले असते. कागदावर तुला मध्येच बोलता येणार नाही, म्हणून लिहिते आहे. तुला हवं असलेलं उत्तर आधीच देऊन टाकते. नाही. राओनला मी सिनेमातून काढून घेणार नाही. चुसॉकच्या सणाची सुट्टी संपली की त्याच्या पुढच्या सोमवारी शूटिंग सुरू होईल. त्या दिवशी तुझी दहा वर्षांची नात कॅमेऱ्यासमोर उभी राहून एका म्हाताऱ्या माणसाच्या औषधात काहीतरी मिसळेल आणि हसेल. ‘पोरीच्या तोंडाला काळं फासून घ्यायची एवढी हौस असेल तर सणाला माझ्या दारात येऊ नका,’ असं तू म्हणालीस. मी ते ऐकलं. रात्री भांडी घासताना पुन्हा ऐकलं. तरीही उत्तर तेच आहे.

तुला वाटतं, मी सगळं विसरले म्हणून असं वागते. मी काहीच विसरलेले नाही. बाबांच्या धुलाईच्या दुकानात सोलहून आलेल्या सिनेमावाल्यांनी रक्ताने माखलेले सात शर्ट आणून टाकले तेव्हा बाबा घाबरून शटर ओढायला निघाले होते. मी शर्टाला बोट लावून चाटलं आणि सांगितलं, ‘साखरेचा पाक आहे बाबा, गरम पाण्याने जाईल.’ दारातला दाढीवाला दिग्दर्शक माझ्याकडे बघतच राहिला. त्यांच्या सिनेमातली मूळची मुलगी तापाने फणफणून घरी गेली होती. तीन दिवसांत मी यूरी झाले. सावत्र भावाला जिन्यावरून ढकलणारी, सावत्र आईच्या दुधात औषध घालणारी यूरी. नऊ वर्षांची होते मी. पुढे तू याला ‘नशिबाचा फेरा’ म्हणायला लागलीस, पण तेव्हा तू आनंदात होतीस, आई. मी पाहिलंय. आधीची मुलगी आजारी पडली म्हणून त्यांनी शूटिंगआधीची पूजा नव्याने घालायचं ठरवलं, आणि त्या पूजेत मांडायचं डुकराचं डोकं आणायला त्यांच्या माणसाबरोबर तूच कुनसानच्या बाजारात गेलीस. मी तुझा हात धरून होते. उकडलेली चार-पाच डोकी तू उलटसुलट करून पाहिलीस आणि दुकानदाराला म्हणालीस, ‘हे रडकं काय देतोस, हसरं दे. माझ्या लेकीचा पहिला सिनेमा आहे.’ दुकानदार म्हणाला, ‘बाई, मेलेलं डुक्कर आहे, किती हसेल?’ तरी तू हसरं शोधून काढलंसच. सगळ्यांनी त्याच्यापुढे वाकून नमस्कार केला, मीही केला, आणि उठले तेव्हा दिग्दर्शक माझ्या कानाशी वाकून म्हणाला, ‘कॅमेरा चालू झाला की असं हस. फक्त डोळे उघडे ठेव.’ ज्या हसण्याला पुढे गावोगावची माणसं घाबरली, ते तू बाजारातून पारखून आणलेलं शुभशकुनाचं हसू होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता, आणि ठेवला असता तर मजा गेली असती.

आणखी एक गोष्ट सांगते, ती तुला आवडणार नाही. मला यूरी आवडायची. घरात मी दिवसातून किती वेळा ‘चुकलं’ म्हणायचे ते आठव. बाबांच्या आधी चमचा उचलला, चुकलं. पाहुण्यांना एका हाताने पेला दिला, चुकलं. इस्त्रीच्या टेबलाजवळ गाणं म्हटलं, चुकलं. तोंडातून श्वास यावा तसा तो शब्द यायचा. आणि ही मुलगी, भावाला ढकलून जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी, भोवती सगळी मोठी माणसं गोळा झालेली, आणि ती मान खाली घालत नाही. दिग्दर्शकाने मला एवढंच सांगितलं होतं, की काहीही झालं तरी मान खाली घालू नकोस. थिएटरात लोक किंचाळले ते ढकलण्याला नाही, त्यानंतरच्या त्या ताठ मानेला. पुढे मी असे पुष्कळ सिनेमे पाहिले, वाईट पोरांचे. सगळ्यांत तेच. मोठी माणसं रक्ताला घाबरत नाहीत. एक पोर आपल्याला घाबरत नाही, हे बघून त्यांना घाम फुटतो. तू ते पाहिलं नाहीस. सगळी इमारत रविवारी मिळून थिएटरात गेली होती, तू नवी ओढणी घेतली होतीस, आणि जिन्याचा प्रसंग आला तेव्हा ‘जरा जाऊन येते’ म्हणून उठलीस ती बाहेरच्या बाकावर बसून राहिलीस. आपल्या लेकीचा एकुलता एक सिनेमा तू आजतागायत शेवटपर्यंत पाहिलेला नाहीस.

त्या आठवड्यात जिन्यात कुणीतरी तुला विचारलं, ‘काय यूरीची आई, आज आमटीत काय घातलंय?’ सगळ्याजणी हसल्या. तूही हसलीस. दहा वर्षं माझ्या नावाने तू ‘ह्येरिमची आई’ होतीस. दुसऱ्या आठवड्यात हसणं थांबलं, नाव तेवढं राहिलं. भाजीवाली तुला यूरीची आई म्हणू लागली, पोस्टमनसुद्धा. आणि मग किबोम पडला. दुसऱ्या मजल्यावरचा किबोम, पाच वर्षांचा, भर दुपारी जिन्यावरून गडगडत खाली आला आणि त्याचा डावा हात मोडला. कुणी ढकललं, असं विचारल्यावर तो रडत म्हणाला, ‘यूरीने.’ दोनच आठवड्यांपूर्वी आईच्या मांडीवर बसून त्याने तो सिनेमा पाहिला होता. जिन्यावरून कोण ढकलतं, याचं त्याला ठाऊक असलेलं उत्तर ते एकच होतं. त्याला मी कधीच दोष दिला नाही. पण संध्याकाळी मी पाण्याची बाटली घेऊन वर जात होते तेव्हा किबोमच्या आईने दार उघडून अपशकुन घालवायला माझ्या मागे मूठभर जाडं मीठ फेकलं. मिठाचे खडे पायऱ्यांवरून खाली गेले, त्यांचा आवाज मला अजून येतो. पुढचे पाच दिवस दुकानात एक शर्ट आला नाही. बाबा रिकामी इस्त्री गरम करून बसायचे.

सहाव्या दिवशी तू पहाटे उठून तांदळाच्या पिठाचा तोक वाफवलास. लाल चवळीचा. हे तुझ्या हातून कसं झालं, आई? मला आजही कळत नाही. पांढरा केला असतास तर लोक म्हणाले असते, पोरीच्या कौतुकाचा तोक वाटते आहे, वाटू दे. तू लाल तोक, बाधा उतरवायला करतात तो, घेऊन पाचही मजले चढलीस, दारोदार दिलास, आणि इमारतीने समजायचं ते समजून घेतलं, की आईलाच कळलंय घरात काय शिरलंय ते, त्याला बाहेर काढायला निघाली आहे. मग दुसऱ्या मजल्यावर किबोमच्या आईसमोर मला गुडघ्यांवर बसवलंस. तुझा हात माझ्या मानेवर होता. तो मान दाबत नव्हता, नुसता होता. मी म्हणाले, ‘चुकलं माझं. पुन्हा नाही करणार.’ त्या म्हणाल्या, ‘जाऊ दे, पोर आहे.’ दुसऱ्या दिवसापासून शर्ट यायला लागले. त्या हिवाळ्यात दिग्दर्शकाचा दोनदा फोन आला, दोन्ही वेळा तू सांगितलंस, ‘इथे अशी कुणी मुलगी राहत नाही.’ मी आतल्या खोलीत गृहपाठ करत होते. एका परीने तू खोटं बोलत नव्हतीस.

आता राओनचं. तिला हे काम मी लावून दिलेलं नाही, हे तू मनातून काढून टाक. ती निवडचाचणीला मैत्रिणीला सोबत म्हणून गेली होती, मैत्रीण रडली आणि हिची निवड झाली. मला सांगताना म्हणाली, ‘आई, त्यांना रडणारी नको होती.’ तिला यूरीबद्दल मी आधीच सांगितलं होतं. तिने सिनेमा मागून घेतला, पोटाशी उशी धरून पाहिला आणि संपल्यावर म्हणाली, ‘तू किती बारीक होतीस. आणि छान केलंयस.’ आई, बत्तीस वर्षांत हे मला सांगणारी ती पहिली. गेल्या मंगळवारी त्यांची पूजा झाली. आता डुकराचं डोकं नसतं, डुकराच्या तोंडाचा केक असतो, गुलाबी. हिने अगदी रीतसर वाकून नमस्कार केला आणि उठता उठता दिग्दर्शिकाबाईंना विचारलं, ‘कान मला मिळेल का?’ त्या बाईंनी कान कापून हिच्या ताटलीत ठेवला आणि सगळ्यांना बजावलं, की कॅमेरा बंद झाल्यावर या मुलीला तिच्याच नावाने हाक मारायची, दुसरं नाव माझ्या कानावर आलं तर खैर नाही. मी मागे उभी होते.

पण मीही काही फार शूर नाही. शुक्रवारी वर्गातल्या आयांच्या ग्रुपवर हारिनच्या आईने लिहिलं, की राओनने मधल्या सुट्टीत ‘ते हसून’ दाखवल्यापासून हारिन एकटी झोपत नाही, तर दोघींची बाकं लांब करावीत. खाली तेरा जणींनी मान डोलावणारी चित्रं टाकली. आणि मी काय केलं असेल? दुसऱ्या दिवशी राओनला चांगला फ्रॉक घालायला लावला, वाटेत तोकचं खोकं घेतलं आणि हारिनच्या घरी निघाले. लिफ्टमध्ये माझ्या लक्षात आलं, की माझा हात तिच्या मानेवर आहे. आणि खोक्यात लाल तोक आहे. दुकानात मी पाहिलंसुद्धा नव्हतं, हाताने आपोआप उचललं होतं. दारापाशी पोचल्यावर राओन म्हणाली, ‘आई, मी काय केलंय ते एकदा सांग ना. म्हणजे मला नीट माफी मागता येईल.’

ती मला टोचून बोलत नव्हती. तिला खरंच माहिती हवी होती. आमची पोर शिस्तीची आहे, एखादं काम करायचं तर ते नीट करावं असं तिला वाटतं. मी बेलजवळ नेलेलं बोट खाली घेतलं. तिला म्हणाले, ‘काही नाही केलंस.’ ती म्हणाली, ‘मग आपण इथे का आलोय?’ आम्ही खाली उतरलो, बसथांब्यावर बसून अर्धं खोकं संपवलं आणि दोन बस सोडल्या. सोमवारी तिने स्वतःच हारिनला ते हसू शिकवलं. आता दोघी मिळून शिपायाला घाबरवतात. बाकं जवळच आहेत.

त्या दारात उभी असताना मला पहिल्यांदा तू समजलीस. रिकामी इस्त्री, बाबांचा चेहरा, आणि त्याच इमारतीत पुढची तीस वर्षं काढायची हा हिशेब. भीती अशी हातात उतरते आणि हात पोरीच्या मानेवर जातो, हे मला माझ्याच हाताने दाखवलं. म्हणून मी तुझ्यावर चिडलेली नाही. पण समजलं म्हणून ते बरोबर होतं, असंही मी म्हणणार नाही. कारण एक गोष्ट अशी आहे, जी आपण दोघींनी आजवर तोंडातून काढलेली नाही. किबोम पडला त्या दुपारी मी अबॅकसच्या क्लासला होते. तीन वाजता तू मला न्यायला आलीस. परत येताना आपण बर्फाचा गोळा खाल्ला, माझ्या कॉलरवर लाल डाग पडला म्हणून तू ओरडलीस, आणि आपण इमारतीच्या कोपऱ्यावर आलो तेव्हा लोक किबोमला टॅक्सीत घालत होते. आपण दोघींनी ते एकत्र पाहिलं. माझ्यात काही शिरलंय असं तुला वाटलं असतं, तर मी तुला केव्हाच माफ केलं असतं. तुला तसं वाटलं नव्हतं. तुला ठाऊक होतं, आणि तरी तू मला गुडघ्यांवर बसवलंस.

आम्ही सणाला येणार आहोत. दार उघडायचं की नाही ते तू ठरव, मी बेल वाजवणार. किबोमच्या आई आता रोज संध्याकाळी तुझ्याकडे मालिका बघायला येतात, असं तूच सांगतेस. मी त्यांच्यासमोर बसेन, मांडी घालून, त्यांना फळं कापून देईन आणि सांगेन, की दहा वर्षांची असताना मी तुमच्याकडे जी माफी मागितली होती ती मी परत घेते आहे. राओन माझ्याशेजारी असेल. शूटिंगला उभी राहण्याआधी तिने हे पाहावं, अशी माझी इच्छा आहे. किबोमच्या आई बहुधा म्हणतील, ‘अगं, इतकं जुनं काय उकरून काढतेस?’ आणि मग, कारण शेवटी आईच त्या, विचारतील, ‘पण मग तू होतीस कुठे?’ विचारतील मला, पण बघतील तुझ्याकडे. मी उत्तर देणार नाही. ते जगात आता फक्त तुला देता येतं. हे पत्र मी परवानगी मागायला लिहिलेलं नाही, समजूत काढायलाही नाही. त्या संध्याकाळी तुझ्यावर हे अचानक येऊ नये, तुला विचार करायला नऊ दिवस मिळावेत, म्हणून लिहिलं.

तुझीच,
ह्येरिम