दोन आडनावांचा एकच माणूस

बाबा, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाल्यावर मी तुमच्यावर संशय घेतला. चेंबूरची आपली चाळ पाडून तिथे इमारत होणार आहे आणि आईला त्यात घर मिळायचं तर कागद जुळायला हवेत. लाइट बिलावर तुमचं गावाला 'कर' लावलेलं आडनाव आहे, तेच मी लहानपणापासून लावलं. पण पेटीच्या तळाशी सापडलेल्या जुन्या रेशनकार्डावर भलतंच आडनाव निघालं. कारकुनाने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाला, "मॅडम, ही तर दोन माणसं दिसतात." मी हसण्यावारी नेलं, पण मनात पाल चुकचुकलीच. दोन आडनावं म्हणजे दोन घरं तर नव्हती? घरी येईपर्यंत तुमचा एकेक ओव्हरटाइम मी संशयाने आठवत होते.

आणि रागही आला. ट्रॉम्बेच्या कारखान्याच्या गेटवर तुम्ही वॉचमन. सातवीत असताना मी तुमचा घरी विसरलेला डबा घेऊन येते, तर तुम्ही मलाच अडवता.

"पास?"

"बाबा, मी आहे ना!"

"तू आहेस हे मला माहीत आहे. रजिस्टरला माहीत नाही."

जगाचे पास तपासणारा हा माणूस स्वतः दोन नावांनी फिरत होता!

वकिलाने प्रतिज्ञापत्र करून दिलं, की दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे. त्यात 'आयडेंटिटी' हा शब्द तीनदा. मी शाळेत इंग्रजी शिकवते, तरी डिक्शनरी उघडली. मूळ लॅटिन शब्द 'इडेम', म्हणजे 'तोच'. बस, एवढंच. आपण त्याला ओळख म्हणतो, पण ओळखीत माणसाला जाणणं येतं. या शब्दाला तुम्ही कसे होतात याच्याशी काही घेणंदेणं नाही, फक्त तोच ना, एवढं सांगा. मला तर तेवढंही सांगता येईना.

शेवटी आईला विचारलं, "बाबांचं दुसरं घर होतं का गं?"

मेथी निवडता निवडता तिचा हात थांबला. "वेडी का खुळी तू? एक घर मिळताना नाकी नऊ आले. खरं आडनाव सांगितलं की जात कळायची, मग खोली कालच गेली म्हणायचे. तीन ठिकाणी तेच झालं. चौथ्या ठिकाणी त्यांनी 'कर' सांगितलं आणि चावी मिळाली. बुद्धाची मूर्ती वर्षभर गोधडीत गुंडाळून ठेवली होती मी."

मला स्वतःचीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी प्रतिज्ञापत्रावर सही केली. आईचं नाव यादीत लागलंय.

हे पत्र कुठे टाकणार मी? पण एक गोष्ट तुमच्यापासून लपवत नाही. परवा आमच्या मुलुंडच्या सोसायटीत खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सहज विचारलं, "तुमचं माहेरचं मूळ आडनाव काय हो?" मी 'कर'वालंच सांगितलं.