वस्तादांच्या चष्म्यावर पाय

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. खरोखर वाकूनच लिहितो आहे, कारण गुरुवारपासून कंबर सरळ व्हायचं नाव घेत नाही. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून बजावलंय आणि तू दिवसातून दहादा गच्चीवर जातेस, हे मला दाजींकडून कळलं. दाजींना नमस्कार, दोन्ही भाच्यांना आशीर्वाद. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतो का? मी येऊन बघून गेलो असतो, पण सध्या तुमच्या दारात उभं राहायचं तोंड मला नाही.

आता कामाचं. दुपारी जेवणं आटपली की वस्ताद खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात. त्या वेळी हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखव. त्यांना स्वतःला तेवीस दिवस काही वाचता आलेलं नाही आणि ते कुणामुळे, हे जगजाहीर आहे. तुझे सासरे आणि माझे वस्ताद एकच माणूस असणं तुझ्या लग्नात सगळ्यांना फार सोयीचं वाटलं होतं. आज त्याची किंमत कळते आहे. त्यांना थेट लिहायची माझी छाती नाही, म्हणून तुला लिहितो आणि ते ऐकतील. फक्त एक कर, कंसात जे लिहिलंय ते वाचायचं नाही. ते तुझ्यापुरतं. (कंबर कुस्तीत नाही, पाण्याचं पिंप सरकवताना धरली. पण वस्तादांना कुस्तीत लागली असं वाटलं तर वाटू दे. थोडी दया आली तर हवीच आहे.)

तर वाच. ताई, तुला माझा धंदा ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगतो. (वस्तादांना पहिल्यापासून सांगितलेलंच आवडतं. मधूनच सुरू केलं की ते उठून जातात.) आमच्या कंपनीच्या कुस्त्या ठरवून होतात. कोण जिंकणार, कितव्या मिनिटाला, कोणती खुर्ची कुणाच्या पाठीत बसणार, हे सगळं मॅनेजर दुपारीच सांगून मोकळा होतो. मी गिधाड. काळा झगा, काळी चड्डी, काळे बूट, आणि आल्या आल्या लोकांकडे बघून थुंकायचं. (नुसता आवाज काढायचा. हॉल झाडणाऱ्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात दम भरला होता.) समोर सोनेरी वाघ. तो भला, मी बुरा. चौदा वर्षं मी त्याला दर शनिवारी तुडवतो, आणि तुडवायच्या आधी कपडे बदलायच्या खोलीत विचारतो की आज कुठे दुखतंय, म्हणजे तिथे नको मारायला. त्याची बायकोसुद्धा त्याची इतकी विचारपूस करत नसेल. तो आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. पण भल्याने आणि बुऱ्याने एकत्र दिसायचं नाही असा कंपनीचा कायदा, त्यामुळे जिन्यात गाठ पडली की आम्ही एकमेकांकडे खाऊ का गिळू असं बघतो, आणि घरात गेल्यावर फोन करून जेवलास का ते विचारतो. मागे दोघांच्या बायकांनी काळ्या आणि सोनेरी चड्ड्या एकाच दोरीवर वाळत घातल्या, तर समोरच्या गॅलरीतले एक आजोबा इतके हिरमुसले की दोन महिने हॉलकडे फिरकले नाहीत. शेवटी मॅनेजरने स्वतः येऊन दोऱ्या वेगळ्या बांधून दिल्या.

या चौदा वर्षांत मी काय काय केलं नाही? वाघाचा हात मोडला. (हात ठणठणीत होता, पण बिचाऱ्याला सहा आठवडे प्लास्टर घालून हिंडावं लागलं. त्याची बायको त्याच्या डोक्यावर आंघोळीचं पाणी ओतता ओतता खिडकीतून मला शिव्या द्यायची. त्या मात्र कुणी ठरवून दिलेल्या नव्हत्या.) पंचाच्या टाळक्यात घंटा घातली. वाघाचं लग्न भर रिंगमध्ये लागत असताना नवरीचं तोंड केकमध्ये बुडवलं. (नवरी म्हणजे आमची तिकीट खिडकीवरची. तिचा खरा नवरा तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता.) एकदा तर जखमी वाघाला अँब्युलन्समध्ये चढवत असताना स्ट्रेचर ओढून बाहेर काढलं आणि पुन्हा मारलं. लोकांनी काय केलं? दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याने, लाज नाही वाटत का रे मेल्या, असं म्हणत पिशवीत चार लिंबं जास्त टाकली. न्हाव्याने गळ्याशी वस्तरा धरून विचारलं की पुढच्या शनिवारी वाघाचं काय करणार, आणि मी सांगितलं नाही तेव्हा खूश होऊन मानेला पावडर लावली. माझी पोस्टरं भिंतीवर चिकटायच्या आत फाडायचे. मला कुणी नुसतं माफ करत नव्हतं, माझ्यावाचून त्यांचं पान हलत नव्हतं.

आणि हे सगळं मला शिकवलं ते वस्तादांनी. स्वतः वीस वर्षं जल्लाद म्हणून उभा राहिलेला माणूस. त्यांना बघून लहान मुलं खुर्चीखाली शिरायची आणि घरी ते मांजराला पायाने बाजूला सारायला कचरतात, हे तू बघतेसच. पहिल्या दिवशी त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली होती. रिंगमध्ये जे खोटं असेल त्याचे तुकडे कर, खऱ्याला बोट लावू नकोस. खोटी खुर्ची मोड, खोटा हात मोड, खोटं लग्न मोड. पण कुणाचं खरं घड्याळ, कुणाची खरी टोपी, यांना धक्का लागता कामा नये, कारण लोकांनी तिकीट खोट्याचं काढलेलं असतं.

आता त्या शनिवारकडे येतो. (इथे जरा थांब आणि त्यांना पाणी दे.) वस्तादांचा सत्कार होता. ठरलं होतं असं: वस्ताद रिंगमध्ये खुर्चीवर बसणार, मॅनेजर फुलं देणार, तेवढ्यात गिधाड घुसणार, फुलं भिरकावणार, म्हाताऱ्याच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून बुटाखाली चिरडणार. मग वाघ धावत येऊन माझी चांगली धुलाई करणार आणि लोक आनंदाने घरी जाणार. त्यासाठी आमच्या सामानवाल्याने प्लास्टिकच्या काचांचा खोटा चष्मा करून दिला होता. पण त्यातून वस्तादांना रिंगच्या तीन पायऱ्या दिसेनात. म्हणून त्यांनी खोटा खिशात टाकला, आपला खरा चढवला आणि वर आल्यावर बदलू म्हणाले. वर आले तर फोटोवाल्याने सरळ खुर्चीत बसवलं. दोन्ही चष्म्यांना काळीच फ्रेम. त्या गोंगाटात, त्या दिव्यांत, मला कसं कळणार कोणता खरा? तूच सांग. वस्तादांनी स्वतः मॅनेजरला सांगितलं की यात पोराचा दोष नाही, मीच सांगायला विसरलो. (पंचेचाळिशीतल्या माणसाला पोर म्हणणारं आता तेवढंच एक माणूस उरलंय.)

काचेचा आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. वस्ताद खुर्चीतून उतरून गुडघ्यांवर बसले आणि फळ्यांवर हात फिरवून चष्मा शोधायला लागले. जल्लादाला लाचार म्हाताऱ्याचं सोंग कधीच जमलं नव्हतं, हे लोकांना माहीत होतं, त्यामुळे हे सोंग नाही हेही लगेच कळलं. हॉल चिडीचूप. एक शिवी नाही, एक चप्पल नाही. ठरल्याप्रमाणे वाघ धावत आला, आणि मला मारायचं सोडून तोही खाली बसून काचा वेचायला लागला. मागोमाग पंच बसला. मला मारायला कुणी उरलंच नाही. मी थोडा वेळ तसाच मधोमध उभा राहिलो. शेवटी अकराव्या मिनिटाला पडायचं ठरलं होतं, म्हणून माझा मीच पडलो. कुणी बघितलंसुद्धा नाही.

तेव्हापासून माझ्याशी सगळं जग सभ्यपणे वागतं आहे. भाजीवाला तोंड उघडत नाही, काटा दाखवतो आणि पिशवी देतो. न्हावी पावडर लावत नाही. माझं पोस्टर तीन आठवडे भिंतीवर जसंच्या तसं आहे, कोपरासुद्धा फाटलेला नाही. आमची ही मी घरात शिरलो की स्वतःचा चष्मा काढून डब्यात ठेवते आणि डबा उशीखाली. मी चष्मेवाल्याकडे गेलो, म्हटलं वस्तादांच्या नंबरचा चष्मा करा. हा माणूस पहिल्या रांगेतला. वाघाचा हात मोडला तेव्हा खुर्चीवर उभा राहून शिट्ट्या मारत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, तुमची ऑर्डर घेणार नाही. मी म्हटलं, अहो, तुम्हाला हात मोडलेला चालतो? तर म्हणाला, "हात मोडलेलं माणूस मी कधी बघितलं नाही. चष्मा फुटलेली माणसं मी रोज बघतो. भिंतीला धरून आत येतात." (मी करून देतो म्हणालो म्हणून तुम्ही थांबलात, पण चष्म्याची ऑर्डर आता तूच दे. तुझं नाव सांग, माझं काढू नकोस. त्या काचा बाहेरून येतात, वेळ लागतो म्हणे, तर उद्याच जा.)

मॅनेजरने उपाय करून पाहिले. आधी मला रिंगमध्ये हात जोडून माफी मागायला लावली. लोकांना वाटलं गिधाडाचा नवा डाव आहे, अर्धा हॉल उठून गेला. मग मला सगळ्यांकडून मारून घेतलं. वाघाने मारलं, पंचाने मारलं, तिकिटवालीने मारलं (केकचा सगळा हिशेब तिने चुकता केला). कुणाला मजा आली नाही. वाघ रडकुंडीला आला आहे, म्हणतो तुझ्यावर कुणी चिडत नाही तर मला टाळ्या कोण देणार? मॅनेजर म्हणतो, ज्याचा राग येतो त्याला बघायला लोक येतात, ज्याची किळस येते त्याला बघायला कोण येईल? त्याने आता शेवटचं सांगितलंय. येत्या शनिवारी वस्तादांनी हॉलमध्ये यावं, भर रिंगमध्ये माझ्या मुस्काटात द्यावी आणि मग पाठीवर हात ठेवावा. त्यांनी माफ केलं की लोक करतील, आणि मला पुन्हा सुखाने शिव्या खाता येतील. नाहीतर पुढच्या महिन्यापासून मी सामानाच्या खोलीत, मीच मोडलेल्या खुर्च्या ठोकत बसणार. चौदा वर्षांचा धंदा बुडेल, दुसरं काही मला येत नाही, हे वस्तादांइतकं कुणाला माहीत नाही. न्यायला गाडी येईल. पायऱ्या चढताना वाघ हात धरेल. थप्पड हलकी मारली तरी चालेल, आवाज मी काढीन.

एवढं त्यांच्या कानावर घाल आणि काय म्हणतात ते कळव.

तुझा,
धाकटा

ता. क. ताई, मोठ्याने वाचणं वर थांबव. हे तुझं तुलाच. रिंगमध्ये बोलता येत नाही, म्हणून आमच्यात हाताने सांगायची पद्धत आहे. एकदा दाबलं की चालू दे. दोनदा दाबलं की थांब, काहीतरी खरं आहे. मी चष्म्याला हात घातला तेव्हा वस्तादांनी माझं मनगट धरलं आणि दोनदा दाबलं. चांगलं घट्ट. मला कळलं. कळलं नाही असं मी मॅनेजरला सांगितलं, वाघाला सांगितलं, आमच्या हिलाही सांगितलं. पहिल्या रांगेत एक माणूस संत्रं सोलत बसला होता, माझ्याकडे न बघता, एकेक शीर काढून. गेलं वर्षभर हे असंच चाललं होतं. मी खुर्च्या मोडतोय आणि लोक जांभया देतायत. मला वाटलं, आज तरी हॉल पेटू दे. म्हणून पाय ठेवला. आणि वस्ताद सांगायला विसरले नव्हते. त्यांनी सांगितलं होतं, आणि नंतर मॅनेजरसमोर विसरलो म्हणाले. मी तिथेच उभा होतो आणि गप्प बसलो. मला फार लाज वाटते, ताई. शनिवारचं राहू दे. ती थप्पड ठरवून मारलेली असेल, तिने लोक माफ करतील, बाकी काही होणार नाही. मी रविवारी दुपारी घरी येतो. त्यांना मारायचं असेल तर मारू दे, दार लावून घ्यायचं असेल तर लावू दे, पण गाडी नको, दिवे नकोत.

ता. क. दुसरं. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा उघडून लिहितो. वरचं एवढं लांबलचक पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस. पहिलं ता. क. तेवढं वाच.