एल्कचे दोन सुळे

डिलन, माँटाना
९ जुलै

प्रिय नेडीन,

तू आणि टेसा दोघी बऱ्या असाल असं धरून चालतो. माझा गुडघा सोडला तर इकडे सगळं ठीक. गवताची पहिली कापणी उरकली. पाकिटात कागदात गुंडाळलेलं काहीतरी आहे, ते आत्ता उघडू नकोस. आधी पत्र वाच.

सहा वर्षांनी भावाचं पत्र म्हटल्यावर तुझ्या कपाळाला आठी पडली असणार. पडू दे.

टेसाचा फोन आला होता. पंधरा वर्षं अर्ज भरल्यावर ब्रेक्सच्या दऱ्यांमधल्या शिंगाळ्या नर एल्कच्या शिकारीसाठी सोडतीत तुझी चिठ्ठी निघाली, आणि तू परवाना परत करणार म्हणे! अगं, त्या चिठ्ठीची वाट बघत माणसं म्हातारी होतात. "मामा, आई म्हणते, आता माझ्या हाताचा भरवसा नाही," असं पोरगी म्हणाली. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

बरं, रायफलीच्या गोळ्यांचं सांगतो. मला दुसरं काय बोलता येतं म्हणा. यंदाचा हिवाळा मी गॅरेजातल्या टेबलाशीच काढला. पितळी पुंगळ्या घासायच्या, दारू काट्यावर कणाकणाने तोलायची, वर गोळी बसवायची, आणि सहाशे यार्डांवर ओल्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवून त्यांच्यावर झाडायची. जाड कवचाच्या जुन्या गोळ्या गठ्ठ्यातून निघाल्या त्या जशा गेल्या तशाच, टोकसुद्धा शाबूत. इतक्या लांब जाईपर्यंत गोळीचा वेग उतरतो, आणि असली टणक गोळी वेगाशिवाय आत शिरल्यावर टोक पसरून फुलत नाही. नुसती बारीक भोक पाडून आरपार जाते. पातळ कवचाची मात्र तिथेही छान फुलली.

सहा वर्षांपूर्वी त्या टणक गोळ्या तुझ्यासाठी मीच निवडल्या होत्या. बाबांची मऊ गोळी एकदा अगदी जवळून एल्कच्या खांद्याच्या हाडावर फुटून वाया गेली, तेव्हापासून मी टणक गोळीचा भक्त. लांबच्या माऱ्याचा विचारच केला नाही. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या रायफलीत घालायचं नाही, हा आपल्याकडचा दंडक. तो तू आयुष्यात एकदाच मोडलास, माझ्यावर विश्वास टाकून.

रूबीच्या डोंगरातला तो दिवस तुला मी काय सांगणार. तू लांबून गोळी झाडलीस, एल्क जरासा दचकला आणि झाडीत शिरला. रक्ताचा थेंब नाही. दोन दिवस आपण शोधत फिरलो. तू रडत होतीस आणि मी म्हणालो, "चाप हिसडून नेम चुकवलास तू. माझ्या काडतुसात खोट नसते." मग तेच कॅफेतही सगळ्यांना ऐकवलं. तू बिलिंग्जला निघून गेलीस.

इथवर तुला माहीत आहे. पुढचं नाही.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी एकटाच परत गेलो. डोमकावळे घिरट्या घालत होते, त्यावरून एल्क सापडला. ओढ्याच्या काठी पडला होता. खांद्यामागे, जिथे तू नेम धरला होतास नेमकं तिथेच भोक. पलीकडचंही तेवढंच, जेमतेम पेन्सिल जाईल असं. मांस सगळं नासलेलं.

घरी येऊन तुला फोन करायला हवा होता. नाही केला. गावातली माणसं गोळ्यांचा सल्ला विचारायला माझ्याकडे येतात, त्यांच्यापुढे माझी निवड चुकली म्हणायचं जिवावर आलं. बहिणीला खोटं पाडलं आणि स्वतःचा मोठेपणा जपला. लाज वाटते गं.

काल कॅफेत सगळ्यांदेखत कबूल केलं. तिथे बसलेला रॉस्को म्हणाला, "सहा वर्षं लागली होय रे? गोळी कसली टणक, टणक तर तूच!" आणि मला म्हणाला, "तिला बोलाव. नाही आली तर तिने बरंच केलं म्हणेन."

तर बोलावतोय. मी तुझी काडतुसं भरणार नाही, तूच भर. टेबलाशी दुसरी खुर्ची आणून ठेवली आहे. गोळी तू निवड, ओल्या कागदावर तू पारख, आणि जेवढ्या अंतराची तुला खात्री वाटेल तेवढ्यावरूनच आपण मारू. हंगाम ऑक्टोबरअखेर सुरू होतो, अजून भरपूर वेळ आहे. माझं तोंड बघायचं नसेल तर टेसाला घेऊन जा. पण तो परवाना परत करू नकोस.

आता ती पुडी उघड. त्या एल्कच्या वरच्या जबड्यातले सुळे आहेत. ज्याने एल्क मारला त्याचे ते असतात, म्हणून त्याच दिवशी काढून आणले. सहा वर्षं माझ्या खणात पडून होते. मला ते ठेवायचा काही हक्क नव्हता.

नेडी, तुझा नेम चुकला नव्हता. चुकला होता तो,

तुझा भाऊ,
अर्व्हिल