बॅटरीला ओवाळू नये

देवपूर, धुळे
३ ऑक्टोबर २०२५

चि. शालिग्राम यास आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या लेकीने, पुनमने, तुमच्याकडचा दसऱ्याचा फोटो पाठवला, म्हणून हे पत्र. फोनवर तू ‘हो अक्का, हो अक्का’ म्हणतोस आणि करायचं तेच करतोस. कागद तरी खिशात राहील.

फोटोत आपल्या नानांच्या जीपची बॅटरी देवघरात पाटावर बसली आहे. चार्जरचे चिमटे लावलेले, वर झेंडूची माळ, आणि पुष्पाबाई पेटतं निरांजन घेऊन तिला ओवाळताहेत. खिडक्या बंद.

अरे, चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. ठिणगी मिळाली की बॅटरी फुटते आणि आतलं आम्ल डोळ्यांत जातं. ती बाहेर ओट्यावर ने. चार्जर बंद असताना आधी लाल चिमटा अधिकला लाव, मग काळा उण्याला, आणि मगच बटण दाब. काढताना आधी बटण बंद, प्लग बाहेर, मग चिमटे. पुष्पाबाईंनी हात लावायचाच असेल तर बांगड्या उतरवून. तुझी बिडीही लांब.

त्या जीपवर नानांनी मला गाडी शिकवली, तेव्हा गल्ली आपोआप रिकामी व्हायची. ती तू भंगारात देणार म्हणतोस. भाऊबीजेला ती स्वतःच्या चाकांवर माझ्या दारी आली, तर ओवाळणीत मला तीच हवी, साडी नको. नाही आली तर खुशाल दे, मी अवाक्षर काढणार नाही.

लोभ आहेच, आधी निरांजन विझव.

अक्का

भडगाव
९ ऑक्टोबर

ती. अक्कास शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र घरात मोठ्याने वाचलं. पुष्पा म्हणाली, देवघरमा शे, देव देखी लेई, नणंदबाईसले काय तरास! पण देवावर सोपवूनही ‘डोळ्यांत आम्ल’ हे तिने माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं आणि निरांजन थेट शेजारी सुंदरबाईंकडे नेऊन ठेवलं. आमचे देव सध्या शेजारच्या उजेडावर आहेत. माझी बिडी तर गल्लीच्या टोकाला गेली.

बॅटरी ओट्यावर ठेवून, तू लिहिलंस तशी चार्ज केली. त्याआधी गॅरेजवाल्या रमजानभाईंनी कुठे फुगली नाही, तडकली नाही ना ते पाहिलं आणि बॅटरीचं पाणी भरलं. मेलेली नाही, उपाशी आहे, म्हणाले. तुझी बी.एस्सी. जीपपेक्षा जुनी, ती अजून एवढी चालते, तर जीपने लाजायला हवं.

पण अक्का, ती लाजत नाही. बॅटरी बसवली, पुष्पाने शुभ म्हणून दोन्ही टोकांना तुपात कालवलेलं कुंकू लावलं, मग तारा आवळल्या. किल्ली फिरवली की नुसतं टिक-टिक. भंगारवाला झुलाल रोज चक्कर मारतो आणि दिवाळीनंतर नक्की ना, असं विचारतो. मला त्याला ‘नाही’ म्हणायचं आहे.

थोरलेपणाने उत्तर दे. रागाने दिलंस तरी चालेल.

शालिग्राम

देवपूर
१३ ऑक्टोबर

चि. शालिग्राम यास आशीर्वाद, वि. वि.

तूप! त्यातून वीज जाते का? जीपला पुरण तेवढं वाढायचं राहिलं.

काळी तार आधी सोड, मग लाल. टोकं आणि तारांची तोंडं पुसून चकचकीत घास, कोरडी कर. जोडताना लाल आधी, काळी शेवटी. कुंकू पुष्पाबाईंच्या कपाळावर शोभतं, तिथेच राहू दे.

भरिताची वांगी सांगून ठेवली आहेत. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी मी करीन. अंगण झाडून घेतलं, कुंड्या हलवल्या. जागा रिकामी राहिली तरी चालेल, असं लिहिणार होते. पण चालणार नाही.

माया पत्रातून पाठवत नाही. येऊन घेऊन जा.

अक्का

देवपूर
भाऊबीज, २३ ऑक्टोबर

ओवाळणीची पोच. एक प्रत भडगावला, एक माझ्याकडे.

शालिग्रामकडून मिळालं: नानांची जीप, धावती, हॉर्नसह (तो कोपऱ्यापासूनच वाजत होता). किल्ली. चार्जर, चिमट्यांसकट. दसऱ्याची माळ, सुकलेली.

शालिग्रामला दिलं: भरिताचा डबा, भाकरी, आणि परतीला बस स्टँडपर्यंत जीपमधून सोडणं. गाडी मी चालवली. रस्ता आजही आपोआप रिकामा झाला.

पुष्पाबाईंना परत दिलं: सुंदरबाईंकडून सोडवून त्यांनीच मांडीवर जपून आणलेलं निरांजन. भावाला मी त्यानेच ओवाळलं. त्याआधी पुष्पाबाई स्वतः अंगणात जाऊन जीप बंद आहे, चार्जर कुठे लावलेला नाही, हे पाहून आल्या. मगच त्यांनी मला काडी ओढू दिली.