पिवळा न पडणारा दिवा

प्रिय वहिनी,

पत्र घेऊन आलेल्या ट्रकवाल्याला आधी चहा पाज. बडबड्या आहे, पण मनाने चांगला. त्याच्या ट्रकमध्ये आमच्या कारखान्यातले नवे दिवे आहेत आणि ते दादाच्या बोगद्यावर उतरायचे आहेत. दादा कामावर असतानाच घरी जा, असं मी त्याला बजावलंय. तरी दादा घरात असलाच, तर पत्र पिठाच्या डब्यामागे सरकव. पण आजच्या आज वाच. परवा कालव्याचं पाणी बंद होणार आणि दादाची टोळी गाळ काढायला बोगद्यात शिरणार, हे मला माहीत आहे.

मी बरा आहे. खोलीत तिघं राहतो. खिडकी एकच, तीही समोरच्या भिंतीकडे उघडते, त्यामुळे हवा आत येण्याआधी परवानगी मागत असावी. याच्या पायाला भिंगरी आहे, हा कुठे टिकायचा नाही, असं तू म्हणायचीस ना? इथे टिकलोय बघ. सोल्डरिंगने बोटांची टोकं भाजून कडक झालीत, पण हात बसलाय. शाळेत पाढे आले नाहीत त्या माणसाला आता सर्किटचे बारीक बारीक तुकडे ओळखता येतात.

आमच्याकडे महिनाभर एकाच गोष्टीवरून वाजतंय, दिव्यात ड्रायव्हर कुठला घालायचा. गाडीचा नव्हे गं. एलईडी भारी खादाड. थेट बॅटरीला जोडली तर अधाशासारखी ओढते, तापते आणि जळून जाते. म्हणून मध्ये एक छोटं सर्किट बसवतात, ते तिला बेतानं वाढतं. आम्ही दोघं भाऊ भुकेने पिसाळून बसलेले असायचो तेव्हा तू पळी हातात धरून जे करायचीस, तेच काम. त्याला ड्रायव्हर म्हणतात. साधा असतो तो स्वस्त. बॅटरी दमली की त्याचा उजेडही दमतो. पण बरीचशी ताकद तो नुसता तापण्यात घालवतो, धरणाऱ्याचा हात पोळतो. दुसरा हुशार. बॅटरी भरलेली असो की संपत आलेली, एलईडीला घास तेवढाच. मालकाने तो घातलेला दिवा टेबलावर लावला तेव्हा मीच पहिला ओरडलो, बास, हाच घ्या! जेवून परत आलो तरी तसाच पांढराशुभ्र. मी कौतुकाने बघत उभा होतो आणि माझ्या डोळ्यांदेखत तो फटकन गेला. मिणमिणला नाही, थरथरला नाही. होता आणि नाही.

मला दादाचा बोगदाच आठवला. बोगद्यात दादाच्या हाताखाली जे थोडे दिवस काढले, त्यात मी एकच गोष्ट शिकलो होतो. आत वायर नाही, बल्ब नाही, दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेले खड्डे. घड्याळ कुणी बघत नाही. जुन्या दिव्याचा उजेड पिवळा पडला की दादा शिट्टी मारतो आणि सगळे मागे वळतात. त्याचा सगळा हिशोब त्या पिवळेपणावर. आणि आम्ही त्याच्या हातात देतोय पिवळा पडायला विसरलेला दिवा. तो पुढे जातच राहील वहिनी, आणि टोळी त्याच्या मागे.

सर्किट आखणारे आमचे चष्मेवाले साहेब आहेत, त्यांना हे सांगितलं. वाटलं, हाकलून देतील. पण त्यांनी दुसऱ्या दिवशी तिसरंच सर्किट आखून आणलं. ड्रायव्हर हुशारच, पण बॅटरी संपत आली की त्याने आपणहून उजेड निम्मा करायचा. परत फिरायला पुरेल एवढा शिल्लक ठेवून दिलेली तंबीच ती. मालकालाही पटलं. पण त्यासाठी सर्किटच्या सगळ्या पट्ट्या नव्याने बनवाव्या लागतात. ‘पुढच्या खेपेला करू. ही खेप चुकली तर गिऱ्हाईक जाईल, मग बसा दोघं मिळून दिवे लावत!’ असं म्हणाला. माणूस वाईट नाही. किती वेळ चालतो त्याची चिठ्ठी प्रत्येक खोक्यात घातलीय त्याने. पण ती पूर्ण चार्ज केलेल्या दिव्याची. बोगद्यावर पूर्ण चार्ज होईपर्यंत धीर धरणारा माणूस मला दाखव. आणि दादा खोकं कसं उघडतो ते तुला ठाऊक आहे. चिठ्ठी आधी फाटते.

दादाला फोन केला होता. पुरतं ऐकूनही घेतलं नाही. ‘दिवा शेवटपर्यंत झगझगीत राहतो, हा काय दोष झाला होय रे? बोगद्यातनं शेपूट घालून पळालेला आता आम्हाला उजेड शिकवणार!’ मागे टोळीतले हसल्याचं ऐकू आलं. त्यानंतर माझा फोन तो उचलतच नाही. घरात फोन तेवढा एकच, म्हणून तुझ्याशीही बोलता येईना.

म्हणून हा कागद. ट्रकवाला याच्याबरोबर तुला एक दिवा देईल. मालकाला विचारूनच दिलाय. त्याची बॅटरी मी मुद्दाम जवळजवळ संपवलीय. आज दादा जेवायला बसला की घरातला बल्ब बंद कर आणि हा लाव. धाकट्याने पाठवलाय, बघा तरी, एवढंच म्हण. तो कौतुक करेल नाहीतर नाक मुरडेल, काहीही करू दे. समजावायला जाऊ नकोस. समजावून त्याने कधी कुणाचं ऐकलंय? त्याचा हात ताटात असतानाच दिवा जाईल. तू दचकू नकोस, आणि उठून बल्ब लावू नकोस. तो हाक मारेल, चिडेल, भिंत चाचपेल. तू जागची हलू नकोस. त्याचं तोंड बंद होऊन तो नुसता बसून राहील ना, तोवर थांब.

तुझाच,
धाकटा